नव्या एमआर२मध्ये ४०० हॉर्सपॉवरचं इंजिन: अफवेतलं किती धरायचं?

प्रश्न असा आहे. विचारणारे अमेरिकेत नोकरी करतात. टोयोटाची जीआर८६ ही छोटी स्पोर्ट्स कार घ्यायचं जवळजवळ ठरलंय, आणि तेवढ्यात बातम्या सुरू झाल्या की टोयोटा आपली जुनी स्पोर्ट्स कार एमआर२ परत आणतेय, इंजिन सीटच्या मागे, तेही नवंकोरं दोन लिटर टर्बो, ४०० हॉर्सपॉवरचं. त्यांचं म्हणणं, ‘यात खरं किती? जीआर८६ सोडून थांबू का?’

आधी प्रश्नाची थोडी फोड करू. ‘हे इंजिन येतंय का’ हा एकच प्रश्न वाटतो, पण अफवेत चार दावे एकात एक अडकवलेले आहेत. असं इंजिन आहे, हा पहिला. ते याच गाडीत बसणार, हा दुसरा. रस्त्यावरच्या गाडीत ते एवढीच ताकद देणार, हा तिसरा. आणि अमुक वर्षी, तुमच्या देशात, तुम्हाला परवडेल अशा किमतीत मिळणार, हा चौथा. पहिला दावा पक्का आहे. दुसऱ्याची शक्यता बरीच आहे. तिसऱ्यावर घासाघीस करायला हवी. आणि चौथ्याच्या भरवशावर हातातली गाडी सोडावी असं मला वाटत नाही. अफवा वाचणारा मात्र पहिल्या दाव्याचा पुरावा पाहतो आणि चारही दाव्यांवर विश्वास ठेवून मोकळा होतो.

मी पुण्यात इंजिन कॅलिब्रेशनचं काम करतो. म्हणजे इंजिन डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर, चढवायचं, इंधन, इग्निशन, बूस्ट (टर्बोने आत दाबलेली हवा) यांचे नकाशे, म्हणजे कधी किती द्यायचं याचे तक्ते, भरायचे, मग गाडीत बसवून ते घाटात, उन्हात, ट्रॅफिकमध्ये नीट वागतं का ते पाहायचं. टोयोटाशी माझा काही संबंध नाही आणि आतली बातमीही नाही. पुढचं सगळं जाहीर माहिती आणि धंद्याची सवय यांवर बेतलेलं आहे.

इंजिन आहे, यात शंका नको. २८ मे २०२४ रोजी टोयोटा, सुबारू आणि माझदा यांनी एकत्र कार्यक्रम करून आपापली नवी इंजिनं दाखवली. टोयोटाने १.५ लिटर आणि २ लिटर अशी चार सिलिंडरची दोन इंजिनं मांडली. दोन लिटर टर्बोबद्दल कंपनीने सांगितलं, की आजच्या २.४ लिटर टर्बोपेक्षा आकारमान आणि उंची दहा-दहा टक्के कमी, आणि ताकद ३० टक्क्यांपर्यंत जास्त. मग जानेवारी २०२५ मध्ये टोकियो ऑटो सलोनला जीआर यारिस एम कॉन्सेप्ट आली. यारिसचंच शरीर, पण पुढचं इंजिन काढून हे नवं इंजिन, ज्याला जी२०ई म्हणतात, चालकाच्या मागे आडवं बसवलेलं. सुपर ताइक्यू या लांब पल्ल्याच्या शर्यतींच्या जपानी मालिकेत ती उतरवायची असंही तेव्हाच सांगून टाकलं.

आता माझी पहिली कसोटी, जी मी अशा कुठल्याही बातमीला लावतो: या स्पोर्ट्स कारखेरीज हे इंजिन आणखी कुठे जाणार आहे? नवं इंजिन म्हणजे ब्लॉक आणि हेडचं नवं कास्टिंग, मशिनिंगची नवी लाइन, सप्लायरकडची टूलिंग, प्रत्येक देशासाठी उत्सर्जनाची वेगळी मंजुरी आणि डायनोवर हजारो तासांची टिकाऊपणाची चाचणी. वर्षाला काही हजार खपणाऱ्या गाडीच्या जिवावर हा खर्च निघत नाही. म्हणून बहुतेक स्पोर्ट्स कार दुसऱ्या कोणीतरी पैसे भरलेल्या इंजिनावर चालतात. खुद्द एमआर२चा इतिहास हेच सांगतो. १९८४ च्या पहिल्या पिढीतलं १.६ लिटर ४ए-जीई हे कोरोलाचंच. १९८९ च्या दुसऱ्या पिढीतलं टर्बो ३एस-जीटीई हे टोयोटाच्याच सेलिका जीटी-फोरचं. १९९९ च्या तिसऱ्या पिढीतलं १.८ लिटर इंजिन कोरोला आणि सेलिकातही होतं. एमआर२ची सगळी युक्तीच ती: पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचं इंजिन आणि गिअरबॉक्स उचलायचा आणि सीटच्या मागे ठेवायचा. आजच्या गाड्यांतही तेच दिसतं. जीआर यारिसचं १.६ लिटर तीन सिलिंडरचं इंजिन जीआर कोरोलात आहे आणि लेक्सस एलबीएक्स मोरिझो आरआर मध्येही आहे. सुप्राचं सहा सिलिंडरचं इंजिन बीएमडब्ल्यूचं. तुम्ही घेताय त्या जीआर८६ चं सुबारूचं.

या कसोटीवर जी२०ई छान उतरतं. टोयोटाने त्याची तुलना ज्या २.४ टर्बोशी केली, ते इंजिन आज टॅकोमा पिकअपमध्ये आहे, ग्रँड हायलँडरमध्ये आहे, लेक्ससच्या एनएक्स आणि आरएक्समध्ये आहे. म्हणजे नवं इंजिन पुढेमागे कोणाच्या जागी बसायचंय हे कंपनीने न सांगताही कळतं. तिथे लाखांनी गिऱ्हाइक आहे. स्पोर्ट्स कारला ते मग जवळजवळ फुकटात मिळतं. त्यामुळे ‘एमआर२ रद्द झाली तर इंजिनही जाईल’ ही भीती नको, आणि ‘इंजिन आलं म्हणजे एमआर२ आलीच’ हा आनंदही नको.

याला अपवाद असतात. होंडा एस२००० चं एफ२०सी इंजिन जवळजवळ त्या एकाच गाडीसाठी होतं. शेवरोले कॉर्वेट झी०६ चं ५.५ लिटर व्ही८ तर त्या गाडीसाठीच केलेलं आहे. पण अशा अपवादामागे कुठेतरी रेसिंगचा किंवा कंपनीच्या हट्टाचा हिशेब असतो, आणि तो शोधला की सापडतो.

रेसिंगचा विषय निघालाच आहे, तर तिथे जरा थांबू, कारण अफवांचं सगळ्यात जास्त पीक तिथेच येतं. रेसच्या गाडीत एखादं इंजिन दिसलं की ‘हेच रस्त्यावर येणार’ असं लोक धरून चालतात. कधी ते खरं निघतं. कॉर्वेट सी८.आर जानेवारी २०२० मध्ये डेटोनाच्या २४ तासांच्या शर्यतीत उतरली तेव्हा तिच्यात ५.५ लिटर फ्लॅट-प्लेन व्ही८ होतं, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये तेच खानदान झी०६ मध्ये रस्त्यावर जाहीर झालं. पण आकडे बघा. शर्यतीच्या गाडीत नियमांच्या रेस्ट्रिक्टरमुळे, म्हणजे हवा अडवणाऱ्या चकतीमुळे, ५०० हॉर्सपॉवर, रस्त्यावरच्या गाडीत ६७०. म्हणजे इंजिनाची बातमी खरी, पण शर्यतीतला आकडा बघून रस्त्यावरच्या गाडीचा अंदाज बांधणारा सपशेल चुकला असता.

दुसरं उदाहरण तुमच्या गाडीच्या घरातलंच. २०२२ पासून टोयोटाने सुपर ताइक्यूमध्ये कार्बन न्यूट्रल इंधनावर चालणारी जीआर८६ पळवली. तिच्यात सुबारूचं बॉक्सर इंजिन नव्हतं. जीआर यारिसच्या तीन सिलिंडरच्या इंजिनाचं १.४ लिटरचं रूप होतं. लगेच चर्चा सुरू: पुढच्या जीआर८६ मध्ये १.४ टर्बो येतंय! आता कागद-पेन्सिल घ्या. शर्यतींमध्ये टर्बो इंजिनाच्या क्षमतेला १.७ ने गुणतात, म्हणजे ते बिनटर्बोच्या कुठल्या इंजिनाबरोबर बसवायचं ते ठरतं. १.४ गुणिले १.७ म्हणजे २.३८. शेजारी त्याच वर्गात सुबारूची २.४ लिटर बीआरझेड पळत होती. १.४ हा आकडा नियमपुस्तकाच्या गणितात बरोबर बसतो. त्यावरून शोरूममधल्या गाडीबद्दल काही कळत नाही. घरात १.६ चं तयार, सगळीकडे मंजूर झालेलं इंजिन असताना कोणी रस्त्यासाठी १.४ वेगळं कशाला करेल?

म्हणून यारिस एम कॉन्सेप्टकडे पाहताना मी ताकदीचा आकडा बाजूला ठेवतो आणि मांडणी बघतो. नुसतं इंजिन तपासायचं असतं तर ते पुढे बसवूनही तपासता आलं असतं. कारखान्यात तयार होणाऱ्या गाडीचं मागचं अंग कापून इंजिन मागे नेणं, त्यासाठी कूलिंगचे पाइप, गिअर लिंकेज, टाकी सगळं हलवणं हा खटाटोप कोणी गंमत म्हणून करत नाही. मिडइंजिन, म्हणजे सीटच्या मागे इंजिन असलेल्या, गाडीत वजन कसं सरकतं, गरम हवा कुठून बाहेर पडते, हे शिकायचं असेल तेव्हाच तो होतो. दुसऱ्या दाव्याची शक्यता बरीच आहे असं मी म्हणतो ते यामुळे. शिकलेलं मात्र कुठल्याही नावाच्या गाडीत वापरता येतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये रॅली जपानच्या वेळी टोयोटाच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने सेलिका करतोय असं उघड सांगितलं होतं. तेच इंजिन तिथेही जाऊ शकतं, पुढेच बसून.

आता ४०० चा आकडा. हा खोटा वाटत नाही, पण फुगलेला असू शकतो. दोन वाटांनी तपासून पाहू. पहिली वाट कंपनीच्या दाव्याची: २.४ टर्बो अमेरिकेत २७८ पर्यंत हॉर्सपॉवर देतं, त्यावर ३० टक्के धरले तर ३६० च्या आसपास येतो. आणि ‘पर्यंत’ हा शब्द विसरू नका; ती वरची मर्यादा आहे. दुसरी वाट टोयोटाच्याच आजच्या कामगिरीची: जपानमधली जीआर यारिस १,६१८ सीसीतून ३०४ पीएस (मेट्रिक हॉर्सपॉवर) काढते, म्हणजे लिटरमागे १८८. दोन लिटरला तोच दर लावला की ३७६. दोन्ही वाटा ३६० ते ३८० च्या पट्ट्यात येऊन मिळतात. ४०० त्याच्या थोडं पुढे आहे, अशक्य नाही. मर्सिडीज-एएमजीने २०१९ मध्येच ए४५ एस मध्ये दोन लिटरमधून ४२१ पीएस काढून दाखवले. पण ते इंजिन हाताने जुळवलेलं आणि गाडीची किंमतही तशीच. आणखी एक बारीक गोष्ट: जपानी बातमीतला पीएस भाषांतरात बिनदिक्कत एचपी होतो. ४०० पीएस म्हणजे ३९५ एचपीसुद्धा नाहीत.

त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे एकच इंजिन देशागणिक वेगळं असतं. जीआर यारिस पहिल्यांदा आली तेव्हा जपानमध्ये २७२ पीएस होती आणि युरोपात २६१. २०२४ च्या सुधारणेनंतर जपानमध्ये ३०४, युरोपात २८०. ब्लॉक तोच. उत्सर्जनाचे नियम, पेट्रोल आणि एक्झॉस्टमधले फिल्टर बदलले की आकडा बदलतो. त्यामुळे ‘नव्या इंजिनाची ताकद किती’ या प्रश्नाला एकच उत्तर नसतंच. कुठल्या देशातली, हे आधी विचारायचं.

फरक कशाने पडतो ते थोडं सविस्तर सांगतो, कारण माझं रोजचं काम हेच. टर्बो पेट्रोल इंजिन पूर्ण थ्रॉटलवर चालवलं की एक्झॉस्ट वायू प्रचंड तापतात. टर्बाइनला साधारण ९५० ते १०५० अंश सेल्सिअस सोसतात, त्यापुढे धातू तग धरत नाही. जुना, सोपा उपाय म्हणजे मिक्श्चर रिच करणं. जास्तीचं पेट्रोल टाकायचं, ते पुरतं जळत नाही, वाफ होताना उष्णता शोषतं, टर्बो वाचतो. डायनोवर हे डोळ्यांसमोर दिसतं: लॅम्ब्डा, म्हणजे हवा आणि पेट्रोलचं प्रमाण (१ म्हणजे नेमकं, त्याखाली म्हणजे पेट्रोल जास्त), १ वरून ०.८५ वर आणला की टर्बाइनच्या तोंडचा थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारा सेन्सर, सरसर उतरतो आणि आपण आणखी बूस्ट द्यायला मोकळे. पण अर्धवट जळलेलं पेट्रोल कार्बन मोनॉक्साइड होऊन बाहेर पडतं. उत्सर्जनाचे युरो ७ नियम युरोपात नव्या मॉडेलना २९ नोव्हेंबर २०२६ पासून आणि विकल्या जाणाऱ्या सगळ्याच नव्या गाड्यांना वर्षभराने लागू होतात, आणि त्यात रस्त्यावरच्या चाचणीतही कार्बन मोनॉक्साइड मर्यादेत ठेवावा लागतो. म्हणजे रिच करून थंड ठेवायची सोय जवळजवळ गेली. मग लॅम्ब्डा १ वरच राहायचं आणि उष्णता दुसरीकडे जिरवायची: एक्झॉस्ट मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतून त्याभोवती पाणी फिरवायचं, थंड केलेला एक्झॉस्ट वायू परत आत घ्यायचा, टर्बो महागड्या धातूचा करायचा. नाहीतर सरळ ताकद कमी करायची. जुन्या इंजिनात या गोष्टी मागाहून घुसवता येत नाहीत, म्हणून तर नवं इंजिन लागतं. ‘पेट्रोल इंजिन मरायला टेकलंय, मग नवं कशाला’ असं विचारणाऱ्यांना हे उत्तर पुरावं.

हे झालं इंजिन एकटं. ते सीटच्या मागे गेलं की उष्णतेचं दुखणं वाढतं. आम्ही एप्रिल-मेच्या उन्हात गाडी लादून घाट चढवतो, माथ्यावर थांबवतो आणि इंजिन बंद करतो. परीक्षा तिथून सुरू होते. इंजिन बंद, पंप बंद, वारा बंद, आणि टर्बो अजून धगधगतोय. पुढची काही मिनिटं वायरिंगवरचे, होजवरचे, तेलाच्या पाइपवरचे थर्मोकपल खाली यायचं सोडून वर चढत जातात. तेल टर्बोच्या बेअरिंगपाशी जळून चिकटू नये म्हणून बंद गाडीतही इलेक्ट्रिक पंपाने पाणी फिरवत ठेवावं लागतं. हे पुढच्या बॉनेटखाली, जिथे जागा आहे आणि वरून हवा निघते. मिडइंजिन गाडीत हीच भट्टी बंद खोलीत, शेजारी पेट्रोलची टाकी, रेडिएटर पार पुढच्या बंपरपाशी. जुन्या एमआर२ टर्बोत इंजिनकक्षासाठी वेगळा पंखा द्यावा लागला होता, तो उगाच नाही. शर्यतीत हा प्रश्न येत नाही, कारण गाडी पळत असते. तुम्ही मात्र उन्हाळ्यात फ्रीवेवरून उतरून किराणा दुकानासमोर गाडी बंद करणार. तीही परीक्षा पास व्हायची आणि वॉरंटीही द्यायची, म्हणजे पहिल्या पिढीत कंपनी थोडी ताकद हातची राखून ठेवेल असा माझा अंदाज. टॉर्कचंही तसंच: आजचा जीआर यारिसचा गिअरबॉक्स ४०० न्यूटन-मीटरचं इंजिन सांभाळतो, नव्या इंजिनाने ५०० च्या आसपास दिले तर गिअरबॉक्सही बदलावा लागेल. गिअरबॉक्सबद्दल अवाक्षर न काढणारी इंजिनाची बातमी मी अर्धीच समजतो.

राहिला चौथा दावा, वर्ष आणि देश. इथे कंपन्या स्वतःच शब्द फिरवतात, तर अफवा पसरवणाऱ्यांना काय बोल लावायचा. पोर्शने ७१८ या स्पोर्ट्स कारची पुढची पिढी फक्त विजेवर चालेल असं ठरवलं होतं आणि २०२५ मध्ये वरच्या मॉडेलना पेट्रोल इंजिन देऊ असं सांगितलं. तुमची जीआर८६ युरोपात जेमतेम दोन वर्षं विकली गेली, कारण तिथले सुरक्षेचे नवे नियम २०२४ मध्ये लागू होणार होते आणि त्यासाठी गाडी बदलणं टोयोटाला परवडत नव्हतं. इंजिनात काहीच दोष नव्हता.

मग पक्की खूण कोणती? ट्रेडमार्क नोंदवला, ही बातमी मी वाचतही नाही. नाव राखून ठेवायला कंपनीला चिल्लर लागते. पेटंट त्याहून थोडं बरं, पण कंपन्या कधीही न वापरायच्या कल्पनाही पेटंट करतात. वजनदार पुरावा सरकारी कागदाचा. अमेरिकेत गाडी विक्रीला आणायच्या किमान ६० दिवस आधी कंपनीला व्हीआयएनचा, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकाचा, उलगडा एनएचटीएसए या रस्ते-सुरक्षा खात्याकडे द्यावा लागतो, त्यात इंजिनाचा प्रकार येतो. ईपीए या पर्यावरण खात्याचं प्रमाणपत्र आणि कॅलिफोर्नियाच्या एअर रिसोर्सेस बोर्डाचा आदेशही लागतो. तिथे दिसलं की शंका संपली. फक्त तोवर गाडी दारात आलेली असते.

भारतातून हाच प्रश्न करणाऱ्यांसाठी एवढंच: जीआर८६ सुद्धा इथे अधिकृतपणे विकली जात नाही, तेव्हा एमआर२साठी थांबायचा प्रश्नच तूर्त नाही.

आता तुमचं. तुमच्या प्रश्नात मला एक अडचण दिसते, ती अशी की अफवा जितकी खरी, तितकी ती गाडी तुमच्या हाताबाहेरची. जीआर८६ तीस हजार डॉलरच्या घरात मिळते. ३०० हॉर्सपॉवरची जीआर कोरोला चाळीस हजारांच्या आसपास जाते, आणि ती तर कोरोलाच्याच शरीरावर आहे. ४०० हॉर्सपॉवर, नवं मिडइंजिन शरीर, नवा गिअरबॉक्स असं सगळं खरं निघालं तर ती गाडी त्याहून बरीच महाग असणार. म्हणजे तुमची निवड जीआर८६ की एमआर२ अशी नाहीच, त्या दोन वेगळ्या दुकानांतल्या वस्तू आहेत. तुमचं बजेट पन्नास-साठ हजारांपर्यंत ताणता येत असेल, घरात रोजची दुसरी गाडी असेल आणि दोन-चार वर्षं थांबायची तयारी असेल, तर थांबण्यात काही गैर नाही. नव्या इंजिनाच्या पहिल्या वर्षाची गाडी मी स्वतः घेत नाही, तेही एक वर्ष त्यात धरा. बजेट जीआर८६ चंच असेल तर घेऊन टाका. हलकी, मागच्या चाकांवर चालणारी, हाताने गिअर टाकायची आणि बिनटर्बोचं इंजिन असलेली गाडी पुढच्या पिढीत मिळेलच असं नाही, आणि पुढे विकायची वेळ आली तरी तिला मागणी राहील असं मला वाटतं.

एक व्यवहाराची गोष्ट. काही डीलर ‘एमआर२च्या यादीत नाव घालतो, हजार डॉलर ठेवा’ असं म्हणतील. कंपनीने किंमत किंवा बुकिंग जाहीर करेपर्यंत डीलरकडे द्यायला काहीही नसतं. तरी ठेवायचेच असतील तर क्रेडिट कार्डाने भरा, रक्कम पूर्ण परत मिळणारी आहे असं पावतीवर लिहून घ्या, आणि छापील किमतीवर डीलर वर किती लावणार तेही त्याच कागदावर मागा. बहुतेक जण तिथेच विषय बदलतात.